कारखाना सहकारी, मग व्यवस्था कोणती?

प्रश्न : मी आणि माझे धाकटे बंधू, दोघेही सहकारी साखर कारखान्याचे सभासद आहोत. बंधूंचं म्हणणं, कारखाना आपल्या सगळ्यांचा आहे, म्हणजे हा समाजवाद. पुण्याला नोकरीला असलेला माझा मुलगा म्हणतो, साखर बाजारात विकता, नफ्यातोट्याचा हिशेब मांडता, मग ही सरळ भांडवलशाही. आमचे चुलते दोघांनाही खोडून काढतात. उसाचा भाव सरकार ठरवतं, त्यातच सगळं आलं, असं ते म्हणतात. दिवाळीपासून घरात हा वाद चालू आहे. खरं काय समजायचं? या दोन व्यवस्थांत नेमका फरक तरी कोणता?
ता. क. शेजारच्या खासगी कारखान्याने टनाला जास्त भाव दिला, तर ऊस तिकडे घालणं चूक ठरतं का?
— एक वाचक, श्रीरामपूर तालुका

उत्तर : तुमच्या घरातल्या तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच वाद मिटत नाही. बंधू मालकी कोणाची ते पाहतात, मुलगा माल कुठे विकला जातो ते पाहतो आणि चुलते भाव कोण ठरवतं ते पाहतात. तिघेही तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की प्रश्न एकच आहे. तेव्हा आधी प्रश्न वेगवेगळे करू. तुम्ही राहता त्या भागात या कामासाठी लागणारी उदाहरणं हाताशी आहेत, त्यामुळे फार लांब जायची सुरुवातीला गरज नाही.

त्याआधी काही गैरसमज दूर केलेले बरे. बाजार म्हणजे भांडवलशाही, हा त्यातला सर्वांत मोठा. आठवडी बाजार, पेठा, सराफी, हुंड्या हे सगळं भांडवलशाहीच्या कितीतरी आधीपासून आहे. कुंभार मडकी बाजारात विकत होता, पण चाक त्याचं होतं आणि हातही त्याचेच. भांडवलशाही सुरू होते ती यंत्र, जागा, कच्चा माल एकाचा आणि काम करणारे हात दुसऱ्याचे अशी फारकत झाल्यावर. हातांना मजुरी मिळते, मालाच्या विक्रीतून उरणारी वाढ यंत्राच्या मालकाकडे जाते आणि तो ती पुन्हा धंद्यात घालून धंदा वाढवतो. ॲडम स्मिथने १७७६ साली आणि कार्ल मार्क्सने १८६७ साली आपापले ग्रंथ काढले, ते याच रचनेचा शोध घेताना. एकाला तिच्यातली उत्पादक ताकद दिसली, दुसऱ्याला तिच्यातली पिळवणूकही दिसली.

दुसरा गैरसमज तुमच्या चुलत्यांचा. सरकारने हात घातला की समाजवाद झाला, असं होत नाही. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात मिठाची आणि अफूची मक्तेदारी चालवली, पण त्याला समाजवादी कोणी म्हटलं नाही. तिसरा गैरसमज, समाजवादात माणसाचं स्वतःचं काहीच राहत नाही. सोव्हिएत रशियाच्या १९३६च्या राज्यघटनेतसुद्धा नागरिकाचं घर, घरातल्या वस्तू, मिळकतीतून साठवलेली बचत आणि त्यांचा वारसा यांना मान्यता होती. समाजवादाचा रोख असतो तो उत्पादनाच्या साधनांवर, म्हणजे गिरणी, खाण, कारखाना, मोठी शेती यांवर. ही साधनं खासगी मालकीची नसावीत, समाजाची असावीत, हा त्याचा गाभा. मात्र ‘समाजाची’ म्हणजे नक्की कोणाची, सरकारची, गावाची की तिथे राबणाऱ्या कामगारांची, यावर समाजवाद्यांमध्ये पहिल्यापासून मतभेद आहेत.

आता एखादा कारखाना कुठे बसतो ते पाहायचं तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. मालक कोण? काय, किती आणि कुठल्या भावाने हे ठरवतो कोण? खर्च वजा जाता उरतं ते कोणाकडे जातं? आणि बुडालं तर कोणाचं बुडतं? चौथा प्रश्न बहुतेक चर्चांमध्ये राहून जातो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याच्याकडे शेवटी सावकाश येऊ.

तुमच्याच परिसरापासून सुरुवात करू. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात उभा राहिला. ही निव्वळ भांडवली कंपनी. जितके शेअर तितकी मतं आणि नफा शेअरच्या प्रमाणात. नगर, पुणे, सोलापूर या कालव्यांच्या पट्ट्यात अशा कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि स्वतःचे मोठे मळे केले. जमीनधन्याला खंड मिळायचा आणि अनेकदा आपल्याच जमिनीवर मजुरी मिळायची. साखरेतून होणाऱ्या नफ्याशी त्याचा संबंध नव्हता. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कंपन्यांना पाणी मिळत होतं ते सरकारने बांधलेल्या कालव्याचं, आणि देशातला साखरधंदा भरभरून वाढला तो १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर जकात लावून त्याला संरक्षण दिल्यावर. खासगी मालकी आणि सरकारी आधार हे दोन्ही एकाच वेळी होते.

दुसरी व्यवस्था प्रवरेकाठी लोणीला जन्मली. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. सहकार चळवळीतल्या वैकुंठभाई मेहतांचं पाठबळ होतं, सरकारने भांडवल घातलं, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिलं आणि १९५०-५१ला पहिला गळीत हंगाम झाला. कंपनीपेक्षा इथे दोन गोष्टी मुळातून वेगळ्या होत्या. एक सभासद, एक मत, मग शेअर एक असो की पन्नास. आणि उरलेली रक्कम शेअरच्या प्रमाणात न जाता घातलेल्या उसाच्या प्रमाणात जाणार. शेअरवरच्या लाभांशावर कायद्याने मर्यादा आहे. सभासदाला खरा लाभ मिळतो तो पहिला हप्ता, नंतरचे हप्ते, अंतिम दर आणि दिवाळीची सवलतीची साखर अशा रूपांत. भांडवल हे मालक न राहता नोकर झालं, असं या रचनेबद्दल म्हणता येईल, आणि विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने उभ्या केलेल्या थोर गोष्टींत मी तिची गणना करतो.

तरीही तुमच्या बंधूंचं म्हणणं पुरतं खरं ठरत नाही. ‘कारखाना आपल्या सगळ्यांचा’ या वाक्यातले ‘सगळे’ कोण, ते पाहा. सभासद व्हायला ऊस हवा, उसाला जमीन आणि पाणी हवं. ही जमीन खासगीच आहे, सातबाऱ्यावर प्रत्येकाचं नाव वेगळं आहे. बीडकडून दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन येणारी नवरा-बायकोची जोडी हिशेबात ‘एक कोयता’ धरली जाते. मुकादमाकडून आधी घेतलेली उचल टनाच्या दराने फिटेपर्यंत ती जोडी पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते आणि फडाशेजारच्या कोपीत राहते. वाढे विकून दोन पैसे सुटले तर तेवढीच वरकड. कारखान्याच्या सभेत या माणसांना मत नाही. गव्हाणीवर किंवा बॉयलरवर काम करणाऱ्या कामगारालाही केवळ कामगार म्हणून मत नाही. तेव्हा हा कष्टकऱ्यांच्या मालकीचा कारखाना नसून ऊस पिकवणाऱ्या जमीनमालकांच्या सामायिक मालकीचा कारखाना आहे. खासगी शेतीच्या वर बसवलेला सहकार, असं त्याचं वर्णन करता येईल. गाडगिळांनाही सहकार हा भांडवलशाही आणि सरकारी समाजवाद या दोहोंहून वेगळा मार्ग म्हणूनच अभिप्रेत होता. कोयत्याला त्या मार्गावर जागा मिळाली नाही, ही त्यातली मोठी उणीव आजतागायत तशीच आहे.

तिसरी व्यवस्थाही तुमच्या शिवारातच आहे. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने साखर कंपन्यांचे मळे सरकारजमा झाले आणि ते चालवायला १९६३ साली राज्य शेती महामंडळ निघालं. मालकी सरकारची, कामगार पगारावर, निर्णय महामंडळाचे. पुस्तकी व्याख्येने पाहिलं तर तिघांत समाजवादाच्या सर्वांत जवळ हेच. पण जमीन ‘जनतेची’ झाली तेव्हा ज्यांनी ती मुळात खंडाने दिली होती ते खंडकरी शेतकरी बाहेरच राहिले आणि आपली जमीन परत मिळावी म्हणून त्यांना काही दशकं लढावं लागलं. कायदा दुरुस्त होऊन जमिनी परत मिळू लागल्या त्या या शतकात. मधल्या काळात महामंडळ तोट्यात रुतलं आणि कामगारांची देणी थकली. सरकारी मालकी आणि लोकांची मालकी या एकच गोष्टी नाहीत, हे समजायला मॉस्कोला जावं लागत नाही.

आता चुलत्यांचा मुद्दा. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, आपण ज्याला एफआरपी म्हणतो, ती केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६च्या हंगामासाठी ती सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. दुसऱ्या टोकाला साखर कारखान्यातून किमान कोणत्या भावाने बाहेर पडावी तेही सरकारच ठरवतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो भाव किलोला ३१ रुपये केला गेला. रेशनसाठी कारखान्यांकडून स्वस्तात लेव्ही साखर घेण्याची पद्धत २०१३ पर्यंत होती. हे सगळे नियम खासगी कारखान्यालाही जसेच्या तसे लागू आहेत. त्यामुळे भावनियंत्रण हा व्यवस्था ओळखायचा निकष होऊ शकत नाही. अमेरिकेतसुद्धा सरकार आयातीवर कोटा लावून आणि आधारभावाची कर्जं देऊन तिथल्या साखरधंद्याला सांभाळतं, आणि अमेरिकेला समाजवादी कोणी म्हणत नाही. व्यवस्था भांडवली ठेवून तिच्यात सरकारने केलेला हस्तक्षेप, एवढंच याचं नाव.

भाव ठरवण्याची पूर्ण जबाबदारी सरकारने घेतली, नुसता आधार न देता सगळाच हिशेब हातात घेतला, तर काय होतं? त्यासाठी मात्र सोव्हिएत रशियाकडे जायला हवं, कारण हा प्रयोग तिथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला. १९२१ साली स्थापन झालेलं गॉसप्लान नावाचं नियोजन मंडळ तिथे होतं. १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. कुठल्या कारखान्याने किती माल काढायचा, कच्चा माल कुठून घ्यायचा, तयार माल कोणाला द्यायचा, हे सारं वरून ठरायचं. भावही वरूनच. त्यातून शेतीप्रधान देश एका पिढीत औद्योगिक झाला, बेकारी जवळजवळ संपली, साक्षरता सार्वत्रिक झाली आणि १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. आणि याच घाईत शेती जबरदस्तीने सामूहिक केली गेली, धान्य उचलून नेलं गेलं आणि १९३२-३३च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान आणि इतरत्र लाखो माणसं मेली, हेही नाकारता येत नाही.

एवढं नियोजन असूनही तिथे माल अपुरा पडायचा. तो का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते अधिकाऱ्यांच्या आळसाने होत नव्हतं. उद्दिष्ट वजनात दिलं की कारखाना वजनदार माल काढतो. सोव्हिएत नेता क्रुश्चेव्हने स्वतः तक्रार केली होती की झुंबरांचं उद्दिष्ट टनांत असल्यामुळे आपल्याकडे झुंबरं विनाकारण जड बनतात. व्यवस्थापक मूर्ख नव्हता, त्याला ज्या मापाने मोजलं जात होतं त्या मापाला तो उतरत होता. आणखी बोलकं उदाहरण पावाचं. गरिबाला पाव परवडावा म्हणून त्याचा भाव फार कमी ठेवला गेला. हेतू उत्तम. पण पाव पशुखाद्यापेक्षा स्वस्त पडू लागला, तेव्हा लोक दुकानातून पाव आणून गुराडुकरांना घालू लागले. शेवटी १९५६ साली त्याविरुद्ध हुकूम काढावा लागला. धान्य पिकवायला, दळायला, भाजायला लागलेले कष्ट भावात दिसत नसल्यामुळे घेणाऱ्यालाही ते दिसत नव्हते.

मग भाव वाढवायचा, एवढाच उपाय राहतो. सरकारने १९६२च्या जूनमध्ये मांस आणि लोण्याचे भाव वाढवले. आपल्याकडे भाव वाढला तर लोक दुकानदाराला, व्यापाऱ्याला, पावसाला बोल लावतात. तिथे विकणारं एकच होतं, त्यामुळे राग थेट सरकारवर गेला. नोव्होचेर्कास्क शहरात रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले. कामगारांच्या राज्यात कामगारांवर गोळीबार झाला आणि २६ माणसं मेली. ही बातमी कित्येक वर्षं दडवून ठेवली गेली. त्यानंतर अन्नाचे मूळ भाव हलवायची हिंमत राज्यकर्त्यांना फारशी झाली नाही. भाव गोठले, तुटवडा वाढला, रांगा लांबल्या. रांगेत घालवलेले तास हासुद्धा किमतीचाच भाग असतो, पण तो कुठल्याच हिशेबात येत नाही.

हा धोका आधी कोणाला दिसला नव्हता असं नाही. अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेसने १९२० सालीच विचारलं होतं की कारखाने, यंत्रं, कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच होणार नसेल तर त्यांचे भाव कळणार कसे, आणि भाव कळल्याशिवाय कुठलं काम परवडतं ते कळणार कसं? तुमच्या कारखान्यापुरतं बोलायचं तर रसाची साखर करायची की इथेनॉल, हे ठरवताना संचालक दोन्हींचे भाव समोर ठेवतात. ते आकडेच अर्थहीन असतील तर निर्णय अंदाजाने होणार. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ओस्कार लांगे यांनी याला तोडीस तोड उत्तर दिलं. नियोजन मंडळाने भाव जाहीर करावेत, माल उरला तर उतरवावेत, कमी पडला तर चढवावेत, म्हणजे बाजाराचं काम भागेल. त्यावर फ्रीड्रिख हायेकने १९४५ साली मांडलं की उपयोगाची माहिती लाखो माणसांच्या डोक्यात विखुरलेली असते आणि ती मंडळापर्यंत वेळेत पोहोचूच शकत नाही. मला स्वतःला या वादात मिझेस-हायेक यांची बाजू अधिक भक्कम वाटते, पण इतकीच की ती भाव का हवेत ते सांगते. मालकी कोणाची असावी ते ती सिद्ध करत नाही.

या शेवटच्या वाक्याचा पुरावा चीनने दिला. आन्हुई प्रांतात शियाओगांग नावाचं दरिद्री गाव होतं. १९७८च्या हिवाळ्यात तिथल्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक जमीन घराघरांत कसायला वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा आणि उरेल ते ज्याचं त्याने ठेवायचं. हा तेव्हा गुन्हा होता. म्हणून कोणी तुरुंगात गेलाच, तर त्याची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात लिहिलं होतं. पुढच्या वर्षी गावाचं धान्य कैक पटींनी वाढलं आणि सरकारने शिक्षा करायचं सोडून हीच पद्धत देशभर नेली. जमिनीची मालकी तेव्हाही सामूहिक होती आणि चीनच्या खेड्यांत आजही ती सामूहिकच आहे. आपल्या चार प्रश्नांपैकी पहिल्याचं उत्तर तेच राहिलं. बदललं ते दुसऱ्या आणि तिसऱ्याचं : काय पेरायचं ते बरंचसं घरातच ठरू लागलं, आणि उरलेलं घरी राहू लागलं.

एवढं वाचून मुलगा खूश होईल, पण भाव हा खिशात पैसे असलेल्यांचंच ऐकतो, हे त्यालाही सांगा. १९४३च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास करून अमर्त्य सेन यांनी दाखवलं की धान्य अगदीच नव्हतं असं नाही, ते विकत घेण्याची ऐपत शेतमजूर, कोळी, कारागीर यांच्यापाशी उरली नव्हती. बाजाराच्या दृष्टीने उपाशी माणसाची मागणी शून्य होती. आणि समाजवादाचा विचार मुळात आला कुठून, तर गिरण्यांतून. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी काही वर्षं नेटाने मागणी लावून धरल्यावर. बाजाराने ती आपणहून दिली नव्हती. कामाचे तास, बालमजुरीवर बंदी, निवृत्तिवेतन, यातलं बहुतेक सगळं अशाच दडपणातून आलं. स्वीडनसारख्या देशाला लोक समाजवादी म्हणतात, तिथेही कारखाने खासगीच आहेत. कर भरपूर, कामगार संघटना बळकट आणि शिक्षण-आरोग्य सार्वजनिक, असा तो भांडवलशाहीचाच एक प्रकार आहे.

भारताबद्दल थोडक्यात. १९४४च्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये सरकारी नियोजनाची मागणी करणाऱ्यांत जे. आर. डी. टाटा आणि घनश्यामदास बिर्ला होते, म्हणजे नियोजन हे केवळ समाजवाद्यांचं खूळ नव्हतं. १९५५ साली मद्रासजवळच्या आवडी इथल्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९७६ साली ‘समाजवादी’ हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत आला आणि १९९१ साली परवान्यांचं राज्य सैल झालं. या सगळ्या काळात शेतजमीन खासगीच राहिली. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईतल्या जुन्या इमारतींवरून निघालेल्या खटल्यात सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संपत्ती ठरत नाही. आपला देश पहिल्यापासून मिश्र आहे.

आता राहिलेला चौथा प्रश्न, बुडालं तर कोणाचं बुडतं? हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी कारखाने आतून पाहिले आणि त्यांच्या दुखण्याचं मूळ इथे दाखवलं. कितीही तोटा झाला तरी सरकार सावरून घेणार याची खात्री असली की खर्चाला लगाम राहत नाही, माल साठवून ठेवला जातो, नको ती यंत्रं मागवली जातात. हे दुखणं समाजवादापुरतं राहिलेलं नाही. २००८ साली अमेरिकेने बुडत्या वित्तसंस्थांना वाचवायला ७०० अब्ज डॉलरपर्यंतची तरतूद केली. नफा असताना तो भागधारकांचा होता, तोटा आला तेव्हा तो करदात्यांचा झाला.

आणि आपल्या सहकारी कारखानदारीतही हेच शिरलं. कर्जाला राज्य सरकारची थकहमी, थकलं की पुनर्गठन, पुन्हा नवी हमी. गळिताच्या क्षमतेइतका ऊस नसताना विस्तार करायचा, गरजेपेक्षा जास्त नोकरभरती करायची, यात अनेक कारखाने आजारी पडले आणि काही बँकांच्या वसुलीत लिलावात जाऊन खासगी झाले. हप्त्यातून कापून घेतलेल्या ठेवींवर ज्यांनी कारखाना उभा केला, त्या सभासदांच्या हाती फार थोडं राहिलं. एक सभासद एक मत ही फार मोलाची गोष्ट आहे, पण मत देणाऱ्याला ताळेबंद दाखवला आणि कळला तरच. वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या घोषात विषयपत्रिका दहा मिनिटांत संपते, तेव्हा मालकी कागदावर सभासदाची असते आणि निर्णय दुसऱ्याचाच असतो.

घरातल्या वादाचा निवाडा करायचा तर असं सांगा : मालकी सामायिक आहे, पण ती जमीनधारकांपुरती, म्हणून बंधू अर्धे बरोबर. विक्री आणि मजुरी भांडवली बाजारातलीच आहे, म्हणून मुलगा बराचसा बरोबर. चुलत्यांनी वास्तव अचूक सांगितलं, नाव मात्र चुकीचं दिलं.

ताज्या कलमाबद्दल. उपविधीत सभासदाने ठरावीक प्रमाणात ऊस घालावा अशी अट असते, ती आधी वाचा, कारण क्रियाशील सभासदत्व आणि मताचा अधिकार तिच्यावर अवलंबून असतो. ती अट सांभाळून उरलेला ऊस जास्त दराने दुसरीकडे घातला तर त्यात गैर काही नाही, उलट आपल्या संचालकांना दर का कमी बसतो याचा खुलासा करावा लागतो. तुलना करताना मात्र पहिल्या हप्त्याशी पहिला हप्ता ताडू नका. तोडणी-वाहतुकीचा खर्च कोणी किती लावला, उतारा किती धरला, ठेवी किती कापल्या, काट्यावर वजन कसं होतं आणि अंतिम दर किती निघाला, हे धरून दोन-तीन हंगामांचा हिशेब मांडा. खासगी कारखान्यात तुम्ही ऊस पुरवणारे आहात. पुढच्या वर्षी त्याने दर पाडला तर ऊस दुसरीकडे नेण्यापलीकडे तुमच्या हातात काही नाही, आणि जवळपास दुसरा कारखाना उरला नसेल तर तेही नाही. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर ठेवण्याचा नियम आहे, तेव्हा असा प्रसंग येऊ शकतो. टनामागे शंभर रुपये जास्त मिळतात म्हणून एकदा ऊस बाहेर गेला तर कारखाना बसत नाही. सगळ्यांचाच ऊस दर वर्षी बाहेर जाऊ लागला, तर गाळप अपुरं पडतं, टनामागचा खर्च वाढतो आणि आपल्या कारखान्याचा दर आणखी खाली येतो. म्हणून ऊस हलवायच्या आधी अहवाल मागवा, त्यातला साखर-उत्पादन खर्चाचा आणि व्याजाचा आकडा शेजारच्या सहकारी कारखान्याच्या अहवालाशी ताडून पाहा आणि फरक दिसला तर सभेच्या आधी लेखी प्रश्न द्या.